टारगेट कुणाचे? टॅक्सीवाल्याचे तास आणि 'आळशी कामगारा'ची दंतकथा

मुसळधार पाऊस सुरू झाला की टॅक्सी मिळत नाही. हा अनुभव मुंबईचा आहे तसा न्यूयॉर्कचाही. अर्थशास्त्राच्या वर्गात आणि हल्ली समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंत याचे एक चटकदार उत्तर दिले जाते. पावसात गिऱ्हाईक भरपूर, म्हणून टॅक्सीवाल्याच्या मनातला दिवसाचा आकडा लवकर पूर्ण होतो आणि तो गाडी लावून घरी जातो. मंदीच्या दिवशी मात्र तोच आकडा गाठायला रात्रीपर्यंत रस्त्यावर राहतो. जेव्हा कमाई सोपी तेव्हा कमी काम, जेव्हा कमाई अवघड तेव्हा जास्त काम. थोडक्यात काय, तर टॅक्सीवाल्याला हिशेब कळत नाही.

ही गोष्ट ऐकून वर्गात हशा पिकतो. त्या वर्गात आपलीही मुले बसलेली असतात. त्यांतल्या काहींचे वडील, भाऊ टॅक्सी-रिक्षा चालवतात. म्हणून या गोष्टीचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते. कामगाराला हिशेब कळत नाही, चार पैसे जास्त मिळाले की तो काम सोडतो, हा आरोप टॅक्सीपेक्षा कितीतरी जुना आहे. आणि तो नेहमी एकाच दिशेने, वरून खाली, केला गेला आहे.

आरोपाची वंशावळ

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अनेक लेखक उघडपणे मांडत होते की धान्य स्वस्त झाले की मजूर आठवड्यातले दोन दिवस कमी काम करतो, म्हणून मजुरी कमीच ठेवली पाहिजे. गरिबी हाच कामाचा चाबूक, असा हा सिद्धांत. समाजशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला मॅक्स वेबरचे कापणी करणाऱ्या मजुराचे उदाहरण आठवत असेल. एकरामागे १ मार्क मिळत असताना तो दिवसाला अडीच एकर कापत होता. दर सव्वा मार्क केल्यावर तो तीन एकर कापेल अशी मालकाची अपेक्षा. त्याने दोनच एकर कापले आणि पूर्वीइतकेच अडीच मार्क घेऊन घरी गेला. वेबरने याला 'परंपरावाद' म्हटले. मजुराची पाठ दुखत होती का, घरी त्याची वाट कोण पाहत होते, हा प्रश्न त्या उदाहरणात येतच नाही.

वसाहतींत या सिद्धांताला वंशाची आणि जातीची फोडणी मिळाली. मुंबईच्या गिरणीमालकांची तक्रार ठरलेली होती: इथला कामगार मूळचा शेतकरी, त्याला शिस्त नाही, तो यंत्र सोडून बाहेर रेंगाळतो, तेव्हा कामाचे तास कमी करून काय उपयोग? १९०७ साली नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनच्या बहुमतानेही कामगाराच्या याच 'स्वभावा'चे वर्णन केले आणि प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर थेट कायदेशीर मर्यादा घालायला विरोध केला. त्या कमिशनमध्ये एका सदस्याने वेगळे मत नोंदवले. ते होते डॉ. टी. एम. नायर, जे पुढे मद्रासच्या ब्राह्मणेतर चळवळीत जस्टिस पक्षाचे संस्थापक झाले. वैद्यकशास्त्राचा हा माणूस म्हणत होता की तासांवर मर्यादा घातलीच पाहिजे. हा योगायोग आहे, असे आम्हाला वाटत नाही.

त्याच्याही आधी, १८८४ साली, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. या मागण्यांत पैशाइतकाच वेळ आहे. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १८९० साल उजाडले. सत्यशोधकांना एक गोष्ट नेमकी कळली होती: माणसाला गुलाम करायचे असेल तर त्याची मजुरी कापण्याआधी त्याचा वेळ ताब्यात घेतला जातो.

न्यूयॉर्कचा अभ्यास नेमका काय म्हणतो

आता टॅक्सीकडे येऊ. ज्या अभ्यासातून पावसाची गोष्ट जगभर पसरली तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. कॉलिन कॅमेरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टीन आणि रिचर्ड थेलर हे त्याचे लेखक. यांपैकी थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांनी भरलेल्या फेऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ज्या दिवशी तासाची कमाई जास्त, त्या दिवशी एकूण तास कमी, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी मांडले की चालक एकेका दिवसाचा हिशेब धरतो, दिवसाचा आकडा ठरवतो आणि तो पूर्ण झाला की थांबतो. त्यांनी असाही हिशेब दिला की चालकांनी रोज सारखेच तास गाडी चालवली असती तरी त्यांची कमाई सुमारे ५ टक्क्यांनी वाढली असती.

अभ्यास प्रामाणिक होता. पण व्हिडिओंत न येणाऱ्या दोन गोष्टी त्याच अभ्यासात आहेत. पहिली, अनुभवी चालकांमध्ये हा प्रकार बराच कमी दिसतो. तो मुख्यतः नवख्या चालकांत दिसतो. म्हणजे टॅक्सीवाला शिकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळे चालक एकसारखे नव्हते. जे गॅरेजमधून रोजच्या भाड्याने बारा तासांसाठी गाडी घेत, त्यांच्यात हे लवकर घरी जाणे जवळपास दिसतच नव्हते. बारा तासांचे पैसे आधीच भरल्यावर कोण सात तासांत गाडी परत करेल? जे आठवड्या-महिन्याच्या भाड्याने गाडी घेत किंवा ज्यांची स्वतःची गाडी होती, त्यांच्यातच ते ठळक होते. याचा साधा अर्थ असा की चालक किती तास काम करणार हे त्याच्या डोक्यातल्या गोंधळापेक्षा गाडीच्या करारावरून जास्त कळते.

पुढच्या संशोधनाने मूळ गोष्ट आणखी सैल केली. हेन्री फार्बर यांनी २००५ साली दाखवले की चालक कधी थांबतो हे त्या दिवशी किती कमावले यापेक्षा किती तास गाडी चालवली यावर मुख्यतः ठरते. सोप्या मराठीत, माणूस दमला की थांबतो. २०११ साली व्हिन्सेंट क्रॉफर्ड आणि जुआनजुआन मेंग यांनी मांडले की चालकाच्या मनात दोन आकडे असतात, एक पैशाचा आणि एक तासांचा, आणि त्यांतला जो नंतर पूर्ण होतो तो निर्णायक ठरतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चांगल्या दिवशी पैशाचा आकडा लवकर गाठला तरी तो लगेच घरी जात नाही, नेहमीचे तास भरतो. वाईट दिवशी नेहमीचे तास संपतात, पण पैसे भरत नाहीत, म्हणून तो अंगावर काढतो. २०१५ साली फार्बर यांनी २००९ ते २०१३ या पाच वर्षांतल्या नोंदी तपासल्या, आणि तेव्हा उलटेच चित्र दिसले: तासाची कमाई वाढते तेव्हा बहुतेक चालक जास्त काम करतात. पावसाचे म्हणाल, तर पावसात तासाची कमाई फारशी वाढतच नाही, कारण रस्ते तुंबतात.

म्हणजे आळशी टॅक्सीवाल्याची गोष्ट तिच्या जन्मगावीच डळमळीत झाली आहे. तरीही ती सांगितली जाते. का? कारण ती वरच्याला सोयीची आहे.

शून्यापासून नव्हे, उण्यापासून सुरुवात

ज्या नोंदींवर १९९७ चा अभ्यास उभा आहे त्या १९८८ ते १९९४ या काळातल्या आहेत. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये काय घडले होते?

१९३७ साली तिथे हास कायदा झाला आणि टॅक्सींच्या परवान्यांची संख्या गोठवली गेली. टॅक्सीच्या बॉनेटवर ठोकलेला 'मेडॅलियन' नावाचा पत्र्याचा बिल्ला म्हणजे हा परवाना. संख्या गोठली की बिल्ल्याची किंमत वाढते, आणि बिल्ला ज्याच्याकडे तो जमीनदार होतो. तरीही अनेक दशके गॅरेजचा चालक कमिशनवर काम करत असे. मीटरवर जे जमेल त्यातला जवळपास निम्मा वाटा चालकाचा, बाकीचा मालकाचा. धंदा बसला तर दोघांचाही बसे. साठच्या दशकात या चालकांची मजबूत युनियनही उभी राहिली.

१९७९ साली नियम बदलले आणि गाड्या भाड्याने देण्याची पद्धत अधिकृत झाली. आता चालकाने बारा तासांच्या शिफ्टचे भाडे भरायचे, पेट्रोल स्वतःचे टाकायचे, आणि उरेल ते त्याचे. कागदावर तो नोकर राहिला नाही, 'स्वतंत्र कंत्राटदार' झाला. नोकर नाही म्हणजे आजारपणाची रजा नाही, पेन्शन नाही, युनियनचा करार नाही. धंदा बसला तर मालकाचे काहीच बिघडत नाही, त्याचे भाडे ठरलेले. सगळी जोखीम स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या अंगावर. आणि हे होत असताना स्टिअरिंगवर बसणारा माणूसही बदलत गेला: बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय, हैतीहून आलेला, आफ्रिकेतून आलेला.

कमिशनवाला चालक सकाळी शून्यापासून सुरू करत असे. भाड्याचा चालक उण्यापासून सुरू करतो. आपल्या आकड्यांत पाहा. समजा शिफ्टचे भाडे ७०० रुपये आणि गॅस ५०० रुपये. तासाला १५० रुपयांचा धंदा झाला, तर १२०० रुपये फिटायलाच आठ तास जातात. कायद्याने जेवढा कामाचा पूर्ण दिवस मानला, तेवढा मालक आणि पंपासाठी. स्वतःचा पहिला रुपया नवव्या तासाला. ज्या दिवशी तासाला १०० चाच धंदा होतो, त्या दिवशी बारा तास फक्त फेडण्यात जातात. अशा माणसाने मनात आकडा धरला तर त्यात अडाणीपणा कुठला?

यावर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, भाडे तर आधीच ठरलेला खर्च आहे, त्याचा पुढच्या तासाच्या निर्णयाशी संबंध नाही. महिन्याचा हिशेब धरावा, चांगल्या दिवशी जास्त चालवावे, वाईट दिवशी घरी जावे. कागदावर हे बरोबर आहे, आणि ज्याला शक्य आहे त्याने जरूर करावे. पण महिन्याचा हिशेब धरायला महिनाभर पुरेल एवढी शिल्लक लागते. मालक भाडे रोज मागतो. मुलाच्या फीची तारीख थांबत नाही. सावकार 'सरासरी' ऐकून घेत नाही. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिल्लक साठू दिली गेली नाही, त्याला दिवसाचाच हिशेब धरावा लागतो. शिल्लक नसणे हा स्वभावदोष नव्हे, तो इतिहास आहे.

टारगेट आता मोबाइलवर येते

मुंबईतही शिफ्टवर गाडी घेण्याची पद्धत जुनी आहे. गाडी एकाची, परवाना एकाचा, चालवणारे दोन: एक दिवसाचा, एक रात्रीचा. प्रवाशाने किती द्यायचे हे सरकार ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे २८ वरून ३१ रुपये झाले. ते वाढले की वर्तमानपत्रांत चर्चा होते. पण चालकाने मालकाला शिफ्टमागे किती द्यायचे यावर मर्यादा घाला, ही मागणी आपल्याकडे फारशी ऐकूच येत नाही. मीटर वाढले आणि पाठोपाठ शिफ्टचे भाडे वाढले, तर वाढ गेली कुणाच्या खिशात?

अ‍ॅपवाल्या कंपन्या आल्या तेव्हा सांगितले गेले की आता मालक नाही, तुम्हीच तुमचे मालक. आपल्या वस्त्यांतल्या अनेक तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. सुरुवातीला अमुक फेऱ्या पूर्ण करा, तमुक इन्सेंटिव्ह मिळवा अशी आमिषे होती. हप्ते त्या हिशेबाने बांधले गेले. मग इन्सेंटिव्ह कमी झाले, हप्ते मात्र तेच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ओला-उबर चालकांनी संप केला तो या कोंडीतून. इथे 'टारगेट' हा शब्द मानसशास्त्राचा उरतच नाही. कंपनी तो रोज सकाळी मोबाइलवर पाठवते. चालकाच्या मनात आकडा का असतो, असे विचारणाऱ्यांनी तो तिथे कोण ठेवतो हेही विचारावे.

वतन आणि लॉग-इन

आमच्या समाजाला हे नाते नवे नाही. महार वतन काय होते? वतनदार महाराने सरकारच्या आणि गावच्या कामाला चोवीस तास हजर राहायचे. कामाचे स्वरूप ठरलेले नाही, तास ठरलेले नाहीत. तो बाहेरगावी असेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला धरायचे. मोबदला म्हणून तुटपुंजा जमिनीचा तुकडा, आणि बलुत्यासाठी गावापुढे हात पसरणे. आणि वर प्रतिष्ठेचे नाव काय, तर 'वतनदार'! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुद्दा केवळ मोबदल्याचा नव्हता. ज्याच्या वेळेला सीमा नाही तो माणूस स्वतंत्र नाही, हा तो मुद्दा होता. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले.

वतन आणि अ‍ॅप एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. वतन जन्माने चिकटत होते, अ‍ॅप सोडता येते. पण सोडल्यावर हप्ता सुटत नाही. आणि हाकेला हजर राहण्याचा वेळ बिनमोल धरायचा, ही युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. सिग्नलजवळ गाडी उभी करून फेरीची वाट पाहणारा चालक कामावर असतो की घरी? कंपनीच्या हिशेबात तो कुठेच नसतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. '१४ तासांचे ८ तास केले' असे आपण पोस्टरवर लिहितो. नेमकी माहिती ठेवणे जास्त ताकदीचे आहे: १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. आठवड्याचे सहा तास कामगाराच्या घरी परत आले. पण ही मर्यादा कारखान्याच्या फाटकाशी थांबली. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होत असे. शिफ्टने गाडी घेणारा 'कामगार'च नाही म्हटले की तो बाहेर. २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी अ‍ॅपच्या चालकाला दिवसाला जास्तीत जास्त १२ तासांची मर्यादा घातली. ८ तासांपासून १२ तासांपर्यंतच्या या उलट्या प्रवासाला आपल्याकडे 'लवचिकता' म्हणतात.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. राज्याने हात काढून घेतले तर स्वातंत्र्य कुणाला मिळते, असा त्यांचा सवाल होता. ते मिळते भाडे वाढवणाऱ्या जमीनमालकाला, आणि तास वाढवून मजुरी घटवणाऱ्या भांडवलदाराला. टॅक्सीच्या धंद्यात तर भाडे वाढवणारा आणि तास वाढवणारा एकच आहे.

मग मागायचे काय?

न्यूयॉर्कच्या चालकांनी रडगाणे गायले नाही. १९९८ साली त्यांनी टॅक्सी वर्कर्स अलायन्स उभी केली. तिथे गॅरेजमालकाने घ्यायच्या भाड्यावर नगर आयोगाची कमाल मर्यादा आहे. २०१८ च्या अखेरीस अ‍ॅप चालकांसाठी खर्च वजा जाता तासाला १७.२२ डॉलर हा किमान दर मंजूर झाला आणि त्याच्या सूत्रात फेरीची वाट पाहण्याचा वेळही धरला गेला. बिल्ल्यांची किंमत दहा लाख डॉलरच्या वर जाऊन कोसळली. कर्जात बुडालेल्या चालकांपैकी काहींनी जीव दिले. त्यानंतर २०२१ साली उपोषण करून चालकांनी कर्जाची कमाल रक्कम १,७०,००० डॉलरवर आणायला लावली. सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण आकडा वैयक्तिक सवयीचा विषय नसून सौद्याचा विषय आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

आपल्या मागण्याही तितक्याच नेमक्या हव्यात. शिफ्टच्या भाड्यावर सरकारी कमाल मर्यादा. वाट पाहण्याचा वेळ धरून तासाचा किमान मोबदला. राजस्थानने २०२३ साली गिग कामगारांसाठी केला तसा, पण त्याहून भक्कम कायदा महाराष्ट्रात. आणि या चालकांत दलित, बहुजन, मुस्लिम आणि उत्तरेतून आलेला गरीब किती, परवान्याचे मालक किती आणि नुसते चालवणारे किती, याची जातवार मोजणी. मराठी विरुद्ध भय्या या भांडणात चालकाचे तास एका मिनिटानेही कमी झालेले नाहीत, हेही आपल्या स्टँडवरच्या पोरांना कुणीतरी सांगायला हवे.

आणि वर्गात पुन्हा पावसाची गोष्ट निघाली, तर उभे राहून एवढेच विचारा: सर, त्या गाडीचे भाडे किती होते?

जय भीम!